ओळख दिली की बाद

माधवनगरच्या गिरणीच्या चाळीत हरिबाची आणि माझी खोली भिंतीला भिंत लावून होती. या गृहस्थाला एक खोड होती. चाळीतल्या कुणाचाही खोकला तो हुबेहूब काढून दाखवायचा. मुकादमाचं खाकरणं, पोस्टमनची ढास, स्वतःच्या सासूचा दमेकरी खोकला, सगळं. सासूचा काढला की त्याची बायको बयाबाई आतून लाटणं घेऊन यायची आणि हसत परत जायची. त्यामुळं तो स्वतः खोकायला लागला, तेव्हा सुरुवातीला आम्ही नुसतेच हसलो. ‘हा कुणाचा रं आता?’ असं विचारायचो. तो गिरणीतल्या कापसाचा होता.

आम्ही दोघंही मागावर होतो. ज्यानं मागाच्या खात्यात एक पाळी काढली असेल त्याला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. एवढे माग एकदम सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. ओरडून नुसता घसा बसतो. म्हणून विणकर आवाज न काढता ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ओठांवरून वाचतो. आम्ही त्याला मुकं बोलणं म्हणायचो. गप्पा, लग्नाची बोलणी, मुकादमाला शिव्या, सगळं त्यातच चालायचं. अडचण एकच. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. एकदा मुकादमानं लांबून ‘पान दे’ म्हटलं, तर एका नवख्या गड्यानं ‘मान दे’ असं वाचलं आणि त्याच्यापुढं जाऊन मान वाकवली. मुकादमाला वाटलं हा चेष्टा करतोय, आणि त्यानं वाकलेल्या मानेवर एक ठेवून दिली.

हरिबा या मुक्या बोलण्यात आमच्या सगळ्यांचा बाप होता. खात्याच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाचं भांडण तो आम्हाला वाचून दाखवायचा. भांडणारे दोघे आपण गुपचूप भांडतोय अशा समजुतीत असायचे.

लढाईच्या त्या दिवसांत गुणाजी हेराच्या बोलपटानं सगळ्या मुलखाला वेड लावलं होतं. गुणाजी म्हणजे शिवकाळातला हेर, निदान पडद्यावर तरी. खरा कधी झाला की नाही ते देव जाणे. आज फकीर, उद्या वाणी, परवा शत्रूच्याच तळावर घोडी सांभाळणारा मोतद्दार. सांगलीतले न्हावी गुणाजीछाप मिशा कातरून द्यायला लागले होते. पण तो करणारा नट मुंबईच्या एका कंपनीत निघून गेला आणि कोल्हापूरच्या कंपनीला तर दुसरा भाग काढायचा होता. दिग्दर्शकाला सगळे भाऊसो म्हणत. नवा गुणाजी शोधत भाऊसो सांगलीला आले आणि कुणीतरी त्यांना आमच्या गिरणीच्या नाटकाला आणून बसवलं.

मी पेटीवर होतो, म्हणून मला सगळं दिसलं. त्या नाटकात हरिबाला खरं तर एकही भूमिका नव्हती. कुणी आजारी पडलं, कुणी पाळीवर अडकलं, म्हणून तो पहिल्या अंकात हवालदार झाला, दुसऱ्यात भटजी आणि तिसऱ्यात विधवा आत्या. पडदा पडल्यावर भाऊसोंनी निरोप पाठवला की त्या तिघांनाही भेटायला पाठवा. हरिबा एकटाच गेला.

शेवटी दोघंच उरले. एक हरिबा आणि दुसरा मिरजेच्या एका वकिलाचा मुलगा. हा मुलगा दिसायला राजबिंडा, नाक तर असं की गल्लीच्या वळणावर आधी तेच दिसावं. भाऊसोंना कुणाला घ्यावं ते ठरेना. मग त्यांनी एक परीक्षा काढली. दोघांनी एकेका गावच्या बाजारात सोंग घेऊन दिवस मावळेपर्यंत बसायचं. कंपनीचे मॅनेजर लालासाहेब एकाच्या मागं आणि त्यांचा माणूस दुसऱ्याच्या मागं लांबून नजर ठेवील. काहीही झालं तरी स्वतःचं नाव तोंडातून काढायचं नाही. भाऊसो म्हणाले, "ओळख दिली की बाद. मग तो कितीका चांगला नट असेना."

वकिलाच्या मुलाला मिरजेचाच बाजार मिळाला आणि हरिबाला कडेगावचा. माझं डोकं अजून तापतं ते इथं. सिनेमावाल्यांना कॅमेऱ्याबाहेरचं काही दिसत नाही हेच खरं. कडेगावच्या भागात बेचाळीसपासून काय चाललंय ते शेंबड्या पोराला ठाऊक होतं. तिकडचे कार्यकर्ते भूमिगत होते, आज या वस्तीवर तर उद्या त्या मळ्यात, आणि त्यांच्या मागावर पोलीस. गावात नवा माणूस दिसला की लोक दोनदा बघायचे. खबऱ्या निघाला तर तळपायावर काठ्या पडायच्या, आणि त्या पायांनी माणूस पुन्हा धड चालत नसे. अशा मुलखात हेराचं सोंग देऊन माणूस पाठवायचा म्हणजे कडब्याच्या गंजीत चिलीम ओढायला बसवण्यातला प्रकार. मी हरिबाला तसं बोललोही. पण त्याला डॉक्टरनं निक्षून सांगितलं होतं की गिरणी सोड, नाहीतर गिरणी तुला सोडणार नाही. गुणाजी मिळाला की गिरणी सुटणार होती. बयाबाईनं तर मनातल्या मनात कोल्हापुरात बिऱ्हाडही मांडलं होतं.

निघताना तिनं भाकरी बांधून दिली आणि बजावलं, "आवं, तितं खोकू नगा. खोकला ऐकला की वळखत्याल."

"बिराप्पाचा खोकला येगळा हाय," हरिबा म्हणाला आणि त्यानं तो खोकूनही दाखवला.

बिराप्पा म्हणजे त्यानं घेतलेलं सोंग. जतेकडचा घोंगडी विकणारा धनगर. हरिबाचं आजोळ मिरजेच्या पूर्वेला, कानडी मुलखाला लागून, त्यामुळं बोलण्यात हवे तेवढे कानडी शब्द टाकणं त्याला जड नव्हतं. मागून आणलेली घोंगडी खांद्यावर टाकून तो कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून कडेगावला उतरला आणि मोटारी थांबायच्या तिथं झाडाखाली पथारी मांडून बसला. पुढचं मला फार उशिरा कळलं, थोडं त्याच्याकडून आणि बरंचसं रहिमानकडून. हा रहिमान कोण ते ओघात येईलच.

सकाळ चांगली गेली. एक खराखुरा धनगर शेजारी टेकला, त्यानं मेंढरांच्या रोगाबद्दल विचारलं, हरिबाची तंबाखू खाल्ली आणि समाधानानं निघून गेला. समोरच्या चहाच्या दुकानात लालासाहेब बाकावर बसून जांभया देत होते. हरिबानं मनात म्हटलं, आता सूर्य खाली जायचा तेवढा राहिला.

दुपार कलली तेव्हा रस्त्यापलीकडं, उभ्या मोटारीच्या आडोशाला, दोन माणसं येऊन थांबली. एकाचं धोतर परीटघडीचं होतं आणि धोतराखाली पोलिसी बूट. दुसरा गावातलाच असावा. गलका एवढा की त्यांच्या शेजारून जाणाऱ्यालाही त्यांचं बोलणं ऐकू जात नव्हतं. हरिबा काही मुद्दाम वाचत नव्हता. पण आपल्यासमोर फलक आला तर आपण तो न वाचता राहू शकतो का? गावातला माणूस म्हणत होता, दिवस मावळायला पाव्हणा जेवायला येतोय, बापूच्या मळ्यात. मग त्यानं दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून बेड्यांची खूण केली आणि हसला.

पाव्हणा म्हणजे कोण ते त्या दिवसांत कुणाला सांगावं लागत नव्हतं. सरकारनं ज्याच्यावर इनाम लावलंय असा कुणीतरी. हरिबा काही देशभक्त नव्हता. गिरणीत संप झाला तेव्हासुद्धा तो नाटकाची तालीम चुकू नये म्हणून धडपडत होता. पण ते हसणं त्याच्या नजरेसमोरून हलेना. तो बसून राहिला. आणखी एक घोंगडं विकलं. समोर लालासाहेब जागे होते. नुसतं बसून राहिलं असतं तरी गुणाजी त्याचा होता, गिरणी सुटली असती, छातीतला कापूस सुटला असता. आणि इकडं दिवस मावळायला कुणीतरी जेवायला बसणार होतं आणि ताटावरून उठवून नेलं जाणार होतं. हे सगळं तोलताना त्याला घाम फुटला असं तो म्हणायचा, आणि हरिबा मला खोटं सांगत नसे.

शेवटी तो घोंगडी तिथंच टाकून उठला. सांगायचं कुणाला, हा दुसरा पेच. चुकून खबऱ्याच्याच भावाला सांगितलं तर? मघाशी त्या बूटवाल्याकडं बघून एक तरणा शेतकरी पचकन थुंकला होता. त्याचं नाव जोतिबा. हरिबानं त्यालाच गाठलं आणि हळूच सांगितलं, "बापूच्या मळ्यात आज पाव्हण्याला जेवू देऊ नगा. पोलीस येनार हाईत."

जोतिबा गोड हसला. म्हणाला, चला की मग, बापूकडंच जाऊ. दोन गडी मागून आले आणि तिघांनी मिळून त्याला उसाच्या वाटेनं गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर नेलं. लालासाहेब अंतर ठेवून मागं मागं आले आणि उसाच्या कडेला थांबले.

गुऱ्हाळावर गेल्यावर जोतिबाचं हसू संपलं. कारण बापूच्या मळ्यात पाव्हणा जाणं शक्यच नव्हतं. बापू हा गावातला एकमेव इसम जो मामलेदाराची मोटार दिसली की रस्त्यावर येऊन मुजरा करायचा. भूमिगत माणूस त्याच्या विहिरीचं पाणीसुद्धा प्यायला नसता. मग हा परका धनगर बापूचं नाव का सांगतो? जोतिबानं त्याचा सरळ अर्थ लावला आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मीही तोच लावला असता.

"चुकीचं घर सांगायचं," तो म्हणाला, "म्हंजी आमी घाबरून बरुबर घराकडं पळायचं, आन ह्येंनी आमचा माग काढायचा. लय हुशार हाय ह्यो."

त्यांनी नाव विचारलं. बिराप्पा. गाव? जतेकडचं. ही बातमी कुणी सांगितली? कुणी न्हाई. मग कळली कशी? यावर हरिबा गप्प. कारण कशी कळली ते सांगायचं तर आपण विणकर आहोत हे सांगावं लागणार, आणि धनगराच्या मुंडाशाखाली विणकर कसा आला हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. उसाच्या कडेला लालासाहेब उभे आहेत हे त्याला दिसत होतं. जोतिबाच्या गड्यांनी त्याचं मुंडासं काढलं. पाय बैलगाडीच्या जूला बांधले. एकानं बाभळीची काठी आणली आणि जोतिबानं ती तळपायाला नुसती टेकवली. हरिबा तरी बिराप्पाच राहिला. तो कानडीत देवाचं नाव घेत होता. तो किती मोठा नट होता याचा पुरावा द्यायचा तर मी हाच देईन, पण त्यावेळी त्याचं नटपणच त्याच्या पायांवर उठलं होतं. जितकं सोंग खरं, तितका तो खबऱ्या पक्का.

मग वारा फिरला आणि गुळाच्या काहिलीखालच्या चुलवणाचा धूर त्याच्या तोंडावर आला. खोकला उसळला. बिराप्पाचा नव्हे, त्याचा स्वतःचा. तो आवरेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकदा खोकला खरा झाल्यावर बाकीचं सोंग राहीना. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकत आला होता.

"म्या हरिबा," तो मोठ्यानं म्हणाला. "माधवनगरच्या गिरणीत मागावर हाय. त्या मानसाचं त्वांड वाचलं म्या."

उसाच्या कडेचे लालासाहेब हे नाव ऐकून वळले आणि मोटारीकडं चालू लागले. इकडं मंडळी हसली. तोंड वाचलं म्हणे! पण त्यांच्यातल्या एकाला आठवलं की गावातला रहिमान पूर्वी, आमच्या आधी, माधवनगरच्याच गिरणीत होता, छातीनं साथ दिली नाही म्हणून परत येऊन मळा करत होता. त्याला बोलावून आणलं.

रहिमान आला तो हरिबाच्या जवळ गेलाच नाही. काहिलीच्या पलीकडं उभा राहिला आणि आवाज न काढता त्यानं ओठ हलवले.

"बयाबाई," हरिबा म्हणाला.

रहिमाननं त्याच्या बायकोचं नाव विचारलं होतं. जोतिबाच्या हातातली काठी खाली आली, पण दोर तसेच राहिले. गिरणीतला माणूस खबऱ्या नसतोच असं थोडंच आहे? रहिमाननं मग विचारलं की तो इसम नेमकं काय म्हणाला, शब्द न शब्द सांग. हरिबानं सांगितलं. बापूच्या मळ्यात, हे ऐकताच रहिमानचा चेहरा उतरला. तो पुन्हा काहिलीपलीकडं गेला आणि त्यानं ओठांनी एकच शब्द उच्चारला.

"काय म्हनलो?"

"बापू."

रहिमान जोतिबाकडं वळला. "म्या मामू म्हनलो, जोतिबा. मुक्या बोलन्यात बापू आन मामू एकच."

सगळं गाव रहिमानला मामू म्हणायचं. पाव्हणा त्याच्याच मळ्यात जेवायला येणार होता, आणि त्या घटकेला त्याची बायको जन्नतबी तिथं भाकरी थापत होती.

जोतिबा धावतच सुटला. त्यानं पाव्हण्याला वाटेतच गाठलं आणि परस्पर कुंडलच्या अंगाला काढून दिलं; कुंडल गाव संस्थानी हद्दीत, तिथं इंग्रजी पोलिसाला विचारून पाय टाकावा लागे. पोलीस मामूच्या मळ्यात शिरले तेव्हा जन्नतबी चुलीपुढं एकटीच होती. तिनं फौजदाराला विचारलं म्हणे, जेवूनच जाता का, भाकऱ्या जास्तीच्या झाल्या आहेत.

रहिमाननं हरिबाचे दोर स्वतःच्या हातानं सोडले आणि मुंडासं झटकून त्याच्या डोक्यावर ठेवलं. हे सोंग कशासाठी ते ऐकून तो आधी पोट धरून हसला आणि मग एकदम थांबला. मग तुझं आता काय, त्यानं विचारलं. हरिबा म्हणाला, बाद. निघताना रहिमाननं एवढंच मागितलं की यातलं अवाक्षर कुठं निघू नये. खबर खरी होती हे कळलं तर पोलीस जन्नतबीसकट सगळ्या घराला आत टाकतील. हरिबानं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सांगलीत भाऊसोंच्या बिऱ्हाडी मी हरिबाबरोबर होतो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वकिलाचा मुलगा अंगाला राख फासून साधू झाला होता. निम्म्या मिरजेनं ते नाक ओळखलं असणार, पण वकीलसाहेबांच्या भिडेनं कुणी तोंडावर म्हटलं नाही. त्यानं नाव काही सांगितलं नव्हतं. लालासाहेबांनी आपला वृत्तांत दिला. हरिबा आपणहून जागेवरून उठला, परक्या माणसांशी बोलला, आणि त्यांनी नुसती काठी दाखवल्यावर नाव सांगून मोकळा झाला.

भाऊसो वाईट माणूस नव्हते. त्यांना हरिबाच हवा होता हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी विचारलं, नाव सांगितलंत का? हरिबा म्हणाला, व्हय जी. जागेवरून का उठलात? काय झालं तिथं? काहीतरी कारण असेल, सांगा. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी बाजूला बसून मनात म्हणत होतो, अरे बोल, काहीही बोल, खोटं बोल. हरिबाचे ओठ मिटलेले. मी विणकर, मला ओठ वाचता येतात, पण त्या ओठांवर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

भाऊसो उठले. "वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण हेराला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे."

हरिबा पुन्हा मागावर उभा राहिला. चाळीत झालं की काठी बघून घाबरला. बयाबाईनं कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला, आणि सुटला तोही या वाक्यानं की एक दिवस त्वांड मिटून बसता आलं न्हाई तुमास्नी. नंतरही भाजीत मीठ कमी पडलं तरी भांडण कडेगावच्या बाजारात जाऊन थांबायचं. तो सगळं ऐकून घ्यायचा. लढाई संपल्यावर गुणाजीचा दुसरा भाग सांगलीला लागला तेव्हा तो मला घेऊन गेला. बयाबाई आली नाही. त्या नाकवाल्यानं काम बरं केलं होतं. हरिबा म्हणाला, घोडं लय झ्याक हाय.

मग देश स्वतंत्र झाला. त्या दसऱ्याच्या सुमारास गिरणीच्या दारात सभा भरली. तो पाव्हणा आता उघड फिरत होता, हारतुरे घेत होता. त्याच्याबरोबर व्यासपीठावर कडेगावची मंडळी होती आणि त्यात रहिमान. ढोल-लेझीम, गर्दी, कर्ण्याची शिट्टी. पाव्हण्यानं भाषणात सांगितलं की एका परक्या धनगरामुळं मी आज जिवंत आहे, आणि रहिमानमामू त्याचं नाव काही मला सांगत नाहीत.

मी हरिबाच्या शेजारी उभा होतो, त्याच्या पलीकडं बयाबाई. तेवढ्यात मला दिसलं की व्यासपीठावरून रहिमान थेट आमच्याकडं बघतोय. गलक्यात त्याचे ओठ हलले.

‘सांगू का? आता कसली भीती हाय?’

मी हरिबाकडं पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि त्याचेही ओठ हलले, आवाज न काढता.

‘नगं. वळख दिली की बाद.’

मला क्षणभर काही सुधरेना, आणि मग सगळं उमगलं. मला त्याचा भयंकर राग आला आणि डोळेही भरून आले. बयाबाईला मुकं बोलणं येत नव्हतं. तिनं व्यासपीठाकडं हात जोडले, त्या धनगराचं भलं होऊ दे म्हणाली, आणि नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "बगा. गडी असा आसतो."

"व्हय," हरिबा म्हणाला.